पंचहौदाच्या चहाचे यजमान

१८८५ आणि १८८६ ही वर्षं पुण्याच्या शुक्रवार आणि गुरुवार पेठेत गवंड्यांची होती. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार छपराखाली नेण्यासाठी नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मोठी मंडई उभारली. वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधलेल्या या इमारतीला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं गेलं आणि १८८६ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असं म्हणणारे जोतीराव फुले तोवर नगरपालिकेतून बाहेर पडले होते. (पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने हीच इमारत ‘महात्मा फुले मंडई’ झाली. विरोध करणाऱ्याचंच नाव इमारतीला, हा न्याय खास पुणेरी.) त्याच सुमारास मंडईच्या पूर्वेला, आजचा शिवाजी रस्ता ओलांडून चालत पाचदहा मिनिटांवर, गुरुवार पेठेत आणखी एक बांधकाम पुरं झालं. ते म्हणजे पवित्र नाम देवालय, १८८५ सालचं. पुणेकर त्याला ‘पंचहौद चर्च’ म्हणतात.

पुण्याच्या इतिहासात हे नाव निघतं ते मात्र चहाबरोबर. १८९० साली इथे एक चहापान झालं, पुण्यातल्या नामवंत ब्राह्मणांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, आलं, रानडे-टिळकांना प्रायश्चित्ताची चर्चा करावी लागली, आणि इतिहासाच्या पुस्तकांनी एवढ्यावरच या जागेचं खातं बंद केलं. पाहुण्यांनी चहा प्यायला की नाही याची दीडशे वर्षं होत आली तरी चौकशी चालू आहे. तो चहा कोणी दिला, ती माणसं या पेठेत कधी आली, कशासाठी आली, हे विचारायचं मात्र राहून जातं.

आधी जागेविषयी. गुरुवार पेठ म्हणजे पूर्वीची वेताळ पेठ. पेशवाईत नानासाहेबांच्या काळात जिवाजीपंत खासगीवाल्यांनी ती वसवली. तेव्हा कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने शहरात येई, जागोजागच्या हौदांत पडे आणि घागरींनी घरोघरी जाई. पाच हौदांवरून या भागाला नाव पडलं. शेजारी गंज पेठ, घोरपडे पेठ, मोमीनपुरा. माळी, कारागीर, मुसलमान, महार-मांग वस्त्या, आणि थोडं पश्चिमेला सरकलं की ब्राह्मणांचे वाडे. हे देवालय बांधणाऱ्या मिशनने जागा निवडली ती ही. पुण्यात चर्चची कमतरता नव्हती, पण ती होती लष्करात. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ मध्ये बिशप हेबरने प्रतिष्ठापित केलं. सेंट पॅट्रिक्स, सेंट पॉल्स हीही पलटणींच्या आणि साहेबांच्या सोयीची. त्याआधीचं, १७९२ सालचं रोमन कॅथलिक सिटी चर्च तर खुद्द सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं, पेशव्यांच्या फौजेतल्या पोर्तुगीज शिपाई-अंमलदारांसाठी. म्हणजे पेशव्याने आपल्या नोकरांच्या उपासनेची सोय केली, इंग्रजांनी आपल्या सोल्जरांच्या. पंचहौदाचं देऊळ मात्र शहरातल्या माणसांसाठी, मराठी बोलणाऱ्यांसाठी, त्यांच्याच पेठेत बांधलेलं. साहेब मंडळींच्या गाड्या इथल्या बोळांत सहसा वळत नसत.

ते बांधणारे लोकही वेगळ्या घडणीचे होते. इंग्लंडच्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जुन्या कॅथलिक परंपरांकडे वळणारी एक लाट आली. तिच्यातून ऑक्सफर्डजवळच्या काउली गावात १८६६ मध्ये रिचर्ड म्यू बेन्सनने अविवाहित, व्रतस्थ पाद्र्यांचा एक संघ काढला. ते ‘काउली फादर्स’. १८७४ मध्ये ते मुंबईला आले आणि मग पुण्याला. वाँटेज गावच्या सेंट मेरी संघाच्या जोगिणी १८७७ मध्ये पुण्यात आल्या. मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बायकामुलांसह बंगल्यात राहणारा, अमेरिकन किंवा स्कॉटिश, मूर्तिपूजेवर कडाडून तुटून पडणारा पाद्री. ही मंडळी तशी नव्हती. उपास, मौन, ब्रह्मचर्य, ठरल्या वेळच्या प्रार्थना, वेदीवर दिवे आणि धूप. सोवळ्याओवळ्याच्या पुण्याला यातलं निम्मं तरी ओळखीचं वाटलं असणार. देऊळही त्यांनी बांधलं ते इटलीतल्या जुन्या बॅसिलिकांच्या धर्तीवर, उंच घंटा-मनोऱ्यासह. त्या मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा चढल्या.

या संघात एक माणूस असा होता की त्याच्याविना पंचहौदाची गोष्ट पुरी होत नाही. नीलकंठशास्त्री गोरे. जन्म १८२५, कोकणस्थ ब्राह्मण, घराणं बुंदेलखंडातून काशीला स्थायिक झालेलं. तरुणपणी ते मिशनऱ्यांना वादात हरवायला म्हणून गेले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. सहा दर्शनांचं खंडन करणारा त्यांचा ‘षड्दर्शन दर्पण’ हा ग्रंथ १८६० मधला, त्याचं इंग्रजी भाषांतर लगेच दोन वर्षांत निघालं. १८७६ मध्ये ते काउलीच्या संघात आले. अंगावर पाद्र्याचा झगा, पण बुद्धी घडलेली काशीच्या पाठशाळेत. पुण्यातल्या शास्त्र्यांची अडचण अशी की या माणसाला ‘तुला आमचं काय कळतं’ असं म्हणायची सोय नव्हती. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी गोरे इंग्रजीत भक्तिगीतं लिहिणारी कवयित्री झाली, पण ती निराळी कहाणी.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. वय चोवीस. आईबाप, भाऊ आणि आता नवरा, सगळे गेलेले. कडेवर मुलगी मनोरमा. कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदं सोबत होती. पुण्याने त्यांना डोक्यावर घेतलं. आर्य महिला समाज निघाला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली, मुलींना स्त्री-शिक्षक आणि स्त्री-डॉक्टर हवेत हे त्यांनी ठासून सांगितलं. याच काळात मिस हरफर्ड ही मिशनशी जोडलेली शिक्षिका त्यांच्याकडे येऊ लागली. ती त्यांना मराठी नवा करार शिकवी. फादर गोऱ्यांशीही धर्माविषयी बोलणं होई. हे रमाबाईंनी स्वतः पुढे नोंदवून ठेवलं आहे. हीच मिस हरफर्ड न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाईंनाही इंग्रजी शिकवत होती, आणि १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली तेव्हा तिची पहिली मुख्याध्यापिकाही तीच. पुण्याच्या स्त्री-शिक्षणाचा इतिहास लिहिताना हे नाव दर दोन पानांनी येतं आणि दर वेळी आपण ते उलटून पुढे जातो.

पंडिता रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. ‘स्त्री धर्म नीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी वाटखर्चाला पैसे उभे केले आणि १८८३ मध्ये वाँटेजला, म्हणजे पंचहौदाच्या जोगिणींच्या मूळ मठात, त्या जाऊन राहिल्या. कोणी नेलं नाही, त्या गेल्या. निघताना धर्म बदलण्याचा त्यांचा विचार नव्हता. तिथे त्यांनी लंडनजवळच्या फुलहॅममध्ये जोगिणी चालवत असलेलं आश्रयगृह पाहिलं. ज्या बायकांना आपल्याकडे दाराशी उभं करत नाहीत त्यांची सेवा या बायका आपुलकीने करतात, हे त्यांना हलवून गेलं. २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात खळबळ उडाली. ‘केसरी’ने झोडपलं. बाजूने उभं राहिलं कोण? पंचहौदापासून हाकेच्या अंतरावर, गंज पेठेत राहणारे जोतीराव. १८८५ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘सत्सार’च्या अंकात रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण आहे. फुल्यांचं स्वतःचं इंग्रजी शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालेलं. मिशनऱ्यांचे उपकार ते मोकळेपणाने मानत आणि ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. पंचहौदाच्या आसपास असे लोक पुष्कळ होते. मुलगी शाळेत पाठवायची, आजारपणात औषध आणायचं, नाताळला देऊळ बघायला जायचं आणि संध्याकाळी घरच्या देवापुढे दिवा लावायचा. मिशनच्या वार्षिक अहवालांना ही माणसं निराशाजनक वाटत असतील. पेठेच्या दृष्टीने तो रीतसर शेजार होता.

रमाबाईही मिशनला पचायला सोप्या गेल्या नाहीत. सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो एकदा जरूर वाचावा. मठात राहून, मठाचं अन्न खाऊन त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका काढत. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, असं विचारत. शाकाहार त्यांनी सोडला नाही, अंडं घातलेला पदार्थ नाकारला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा मुंबईच्या बिशपने हरकत घेतली. पंचहौदाचं मिशन त्याच बिशपच्या धर्मप्रांतातलं. हिंदुस्थानात ती गेली की तिचं वजन कमी होईल, असा बिशपसाहेबांचा कयास. रमाबाईंनी त्याला जी खरमरीत उत्तरं दिली त्यांत त्या काळच्या पुण्यातल्या कुठल्याही सनातन्याला दिलेल्या उत्तरांपेक्षा मवाळपणा तिळमात्र नाही. मला या बाईचं सर्वांत कौतुक वाटतं ते इथे. एका मठातून सुटून ती दुसऱ्याच्या आज्ञेत गेली नाही.

१८८६ मध्ये रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. फिलाडेल्फिया, ११ मार्च. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशीही तिथे होते. वर्षभराने पुण्यात आनंदीबाई वारल्या. आणि चार वर्षांनी हेच गोपाळराव पंचहौदाच्या चहाचे सूत्रधार म्हणून पुण्यापुढे उभे राहिले.

गोपाळराव हा विक्षिप्त माणूस. दोन्ही बाजूंच्या ढोंगावर बोट ठेवायचं, आणि शक्य तर ते बोट खुपसायचं, हा त्यांचा उद्योग. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनच्या शाळेत व्याख्यान ठरलं. पुण्यातल्या पन्नासएक प्रतिष्ठितांना आमंत्रणं गेली. न्यायमूर्ती रानडे आले, टिळक आले, सुधारक आणि त्यांचे विरोधक, दोन्ही गटांतली मंडळी आली. व्याख्यान संपल्यावर जोगिणींनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. पाहुण्याला काहीतरी द्यावं, एवढीच त्यांची समजूत. कोणी चहा घेतला, कोणी भिडेखातर पेला हातात घेऊन खाली ठेवला. मंडळी घरी गेली. विषय संपला असता.

गोपाळरावांनी तो संपू दिला नाही. उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’ या सनातनी बाण्याच्या पत्रात छापून आली. ख्रिस्त्यांच्या हातचं प्राशन! लगोलग ग्रामण्य उभं राहिलं. सरदार बाळासाहेब नातू यांच्यासारखे सनातनी पुढारी तक्रारीत पुढे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि त्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचं मंडळ नेमलं. १८९२ मध्ये रीतसर कामकाज चाललं. आरोपी, साक्षी, बचाव, सगळं यथासांग. टिळकांनी वकिलाच्या थाटात आपली बाजू मांडली. चहाच्या दोषाला शास्त्रात प्रायश्चित्त किती हलकं आहे याचा ऊहापोह केला, आणि आपण काशीला सर्वप्रायश्चित्त घेतलं आहे असं सांगितलं. तरी त्यांच्या घरच्या कार्यांना भटजी मिळेनात, इतका बहिष्कार त्यांना सोसावा लागलाच. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं. स्वतःच्या पापाची भीती नव्हती. त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांच्या घरी मुलींची लग्नं, वडिलधाऱ्यांचा हट्ट अशा गाठी होत्या, त्या सोडवायला त्यांनी मान लवली. हा प्रसंग रमाबाई रानडे यांच्या आठवणींत आहे. सुधारकांना तो चांगलाच झोंबला. रानड्यांनीच माघार घेतली तर पाठीमागच्याने कोणाकडे बघायचं?

गोपाळरावांनी पुढे एकदा ख्रिस्ती धर्म घेतला आणि मग परत हिंदू झाले. त्यांच्या बाबतीत हे अगदी क्रमप्राप्त वाटतं.

या सगळ्या खटल्यात पंचहौदाच्या जोगिणी कुठे आहेत? कुठेच नाहीत. त्यांना साक्षीला बोलावण्याचं कारण नव्हतं. ग्रामण्य म्हणजे जातीचा अंतर्गत मामला, त्यात त्यांच्या हाताला फक्त ‘विटाळ करणारा हात’ एवढंच स्थान. टिळकांचे चरित्रकार, रानड्यांचे चरित्रकार, सामाजिक सुधारणेचे इतिहासकार, सगळे पाहुण्यांच्या मागोमाग दाराबाहेर पडले. आत मिशनमध्ये दुसऱ्या दिवशी शाळा भरली, त्याची नोंद कोणाला घ्यावीशी वाटली नाही. आणि त्या ऑक्टोबरनंतर दुसऱ्याच महिन्यात, २८ नोव्हेंबर १८९० ला, शेजारच्या गंज पेठेत जोतीराव वारले. मरणाआधी काही आठवडे पेठेत घुमत असलेला चहाचा गलबला त्यांच्या कानी पडला असेल. ब्राह्मणांनी ब्राह्मणांना बाटल्याबद्दल पकडलेलं पाहून त्यांना गंमत वाटली असेल असं म्हणावंसं वाटतं, पण तो माझा मोह.

ज्या शाळेच्या आवारात हे घडलं, तिथलं काम टिकलं. मुलींसाठी सेंट हिल्डाज, पुढे एपिफनी, ही नावं गुरुवार पेठेच्या पत्त्यांत कायमची बसली. अनेक घरांत पणजी, आजी, आई आणि नात या चारही पिढ्या ‘पंचहौदाच्या शाळेत’ गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक घरांचा चर्चशी दुसरा काही संबंध नव्हता. याउलट मंडळीचे, म्हणजे देवळाचे सभासद असलेले लोक आसपासच्या चाळींत, मिशनच्या आवारात राहणारे. त्यांच्यात शिक्षक, परिचारिका, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतले कारकून, छापखान्यातले जुळारी असे लोक तयार झाले. दलित समाजातून आलेली घरं आणि ब्राह्मण-मराठा घरांतून एकटेदुकटे आलेले, यांनी एकाच बाकावर गुडघे टेकायचे, एकाच प्याल्यातून प्रभुभोजनाचा द्राक्षारस घ्यायचा. पेठेत हे फार मोठं होतं. बाहेर एका चहाच्या पेल्याने पन्नास घरं हादरत असताना आत दर रविवारी एकच प्याला ओठोओठी फिरत होता, आणि त्यावर ‘पुणे वैभव’ने एकदाही अंक काढला नाही. आतही सगळं गोड होतं असं मानायचं कारण नाही. जात उंबऱ्यावर चपलेसारखी काढून ठेवता येत नाही, आणि सोयरिकी ठरताना मराठी ख्रिस्ती घरांत जुनी आडनावं, जुनी गावं बराच काळ विचारली जात.

भाषेच्या बाबतीत मात्र मंडळी पक्की मराठी. उपासना मराठीतून, गीतं ‘उपासना संगीत’मधली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ती भक्ती बांधली ती विसाव्या शतकात सगळ्याच मराठी मंडळ्यांत पोचली, मग मूळ मिशन अमेरिकन असो वा अँग्लिकन. इथेच एक प्रश्न उभा राहिला. गाणं मराठी, प्रार्थना मराठी, मग देऊळ इटालियन का? याच ना. वा. टिळकांच्या विचारांचा प्रभाव घेतलेले जॅक विन्स्लो हे इंग्रज पाद्री १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढून आश्रमी राहणीकडे वळले. १९२७ च्या सुमारास त्यांचा आश्रम शिवाजीनगरला आला, तिथे खादी, जमिनीवर पंगत, भारतीय सूर. तरुण व्हेरियर एल्विन याच संघातून हिंदुस्थानात आले आणि पुढे गांधींकडे, मग गोंडांकडे गेले. त्या आश्रमाच्या शेजारी पंचहौदाचं धूपदीपांचं, झग्यांचं, बॅसिलिकेचं कर्मकांड जुनाट दिसू लागलं. माझं मत विचाराल तर आश्रमाचा प्रयोग सुंदर होता, पण शिवाजीनगरचा आश्रम ध्यानाला जाण्याची जागा झाली आणि पंचहौद लग्न-बारशाची, शाळेच्या फीची, भांडणाची जागा राहिली. पेठेत टिकतं ते दुसऱ्या प्रकारचं.

शहरही बदलत होतं. १८९४ पासून मंडईत सार्वजनिक गणपती बसू लागला. १९२४ मध्ये मंडईच्या आवारात लोकमान्यांचा पुतळा मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उभा राहिला. आज मंडईच्या नावाचं भुयारी मेट्रो स्थानकही आहे, त्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाला पूर्वेला चालत गेलं की काही मिनिटांत पंचहौदाचा मनोरा दिसतो.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या मंडळ्या एका छताखाली आल्या, आणि पवित्र नाम देवालय त्यात गेलं. याचा एक परिणाम असा की जोतीरावांना शिकवणाऱ्या स्कॉटिश मिशनचे वारस आणि रमाबाईंना बाप्तिस्म्यापर्यंत नेणाऱ्या वाँटेजच्या जोगिणींचं देऊळ आता एकाच चर्चचे भाग आहेत. रमाबाईंनी पुढे केडगावला काढलेलं मुक्ती मिशन मात्र कुठल्याच पंथाच्या ताब्यात न जाता स्वतंत्र राहिलं. पंचहौदाशी त्यांचं जे नातं होतं ते पाहता, त्यांना सामील होण्याचं निमंत्रण आलंच असतं तर आधी त्यांनी बिशपांना प्रश्नांची एक लांबलचक यादी धाडली असती.